घरचा ईव्ही चार्जर बिघडला तर काय करावे : कोकणातील घरांसाठी क्रमवार मार्गदर्शन

भिंतीवरच्या चार्जरचा दिवा लाल झाला की बहुतेक मालक पहिला फोन चार्जर कंपनीला करतात. कंपनी सांगते की घराचे अर्थिंग तपासून घ्या. वायरमन छातीठोकपणे सांगतो की अर्थिंग उत्तम आहे. गाडीच्या सर्व्हिस सेंटरमधून उत्तर येते की गाडीत दोष नाही. आणि लाइनमन मीटरपर्यंत वीज येत असल्याचे दाखवून निघून जातो. आमच्या घरचा चार्जर या चौघांच्या चक्रात जवळजवळ अख्खा उन्हाळा बंद राहिला. बिघाड वीजपुरवठ्यात व वायरिंगमध्ये आहे, चार्जरमध्ये आहे, की गाडीत आहे, हे आधी ठरवले आणि त्याची मोजमापे लिहून ठेवली, तर चौघांपैकी नेमक्या माणसाला बोलावता येते व त्याला दुसऱ्याकडे बोट दाखवता येत नाही. पुढची सगळी मांडणी याच एका हेतूने केलेली आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घेतलेली बरी. आपण ज्याला चार्जर म्हणतो ती भिंतीवरची पेटी बॅटरी चार्ज करत नाही. एसी विजेचे डीसीमध्ये रूपांतर करणारा खरा चार्जर गाडीत बसवलेला असतो व त्याला ऑन-बोर्ड चार्जर म्हणतात. भिंतीवरची पेटी म्हणजे एक दक्ष स्विच आहे : अर्थिंग आहे का ते ती पाहते, व्होल्टेज मर्यादेत आहे का ते पाहते, किती अँपिअर घेता येतील ते एका बारीक सिग्नल वायरवरून गाडीला कळवते, आणि सर्व ठीक असेल तरच आतला कॉन्टॅक्टर (गाडीकडे जाणारी वीज जोडणारा-तोडणारा स्विच) जोडते. म्हणूनच पेटीने वीज द्यायला नकार देणे आणि पेटी बिघडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जांभ्याची जमीन, खारी हवा आणि लांबलचक लाइनवरची वीज असलेल्या आपल्या किनारपट्टीवर पहिला प्रकार मला दुसऱ्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा दिसला आहे.

हाताशी ठेवायची कागदपत्रे व साधने

- चार्जरचे बिल, वॉरंटी कार्ड आणि पेटीच्या बाजूवरील सिरियल नंबरचा स्पष्ट फोटो
- चार्जर बसवताना इंस्टॉलरने दिलेला अहवाल (त्यात अर्थिंगचे रीडिंग लिहिलेले असायला हवे)
- अलीकडचे वीजबिल : त्यावरील बारा अंकी ग्राहक क्रमांक आणि मंजूर भार
- गाडीचे आरसी बुक व डीलरकडील डिलिव्हरीची कागदपत्रे
- बिघाडाच्या वेळचा व्हिडिओ, ज्यात दिव्याचा रंग आणि तो किती वेळा लुकलुकतो हे मोजता येईल
- साधा डिजिटल मल्टिमीटर व टॉर्च

मल्टिमीटर हाताळायची सवय नसेल तर चौथ्या पायरीपासूनची मोजमापे परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावीत आणि स्वतः शेजारी उभे राहून आकडे टिपून घ्यावेत.

१. आधी वीज तोडा, मग गन काढा

गाडीतून किंवा अ‍ॅपवरून चार्जिंग थांबवावे, त्यानंतर चार्जरचा एमसीबी (जादा प्रवाह झाल्यास आपोआप पडणारा स्विच) खाली करावा आणि मगच गन, म्हणजे केबलच्या टोकाचे गाडीत बसवायचे तोंड, ओढावी. चालू प्रवाहात गन उपसून काढल्यास पिनांवर ठिणगी पडून त्या काळ्या पडतात. गन गाडीत अडकून बसली असेल तर जोर लावू नये. गाडी एकदा लॉक करून अनलॉक करावी. तरीही सुटली नाही, तर बहुतेक गाड्यांमध्ये बॉनेटखाली किंवा डिकीत हाताने ओढायची सोडवण-दोरी असते व तिची जागा मालकाच्या पुस्तिकेत दिलेली असते.

जळका वास येत असेल, पेटीत पाणी शिरले असेल किंवा गाडीच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर गनला व गाडीला स्पर्श न करता घराचा मेन स्विच बंद करावा. झिणझिण्या येणे ही किरकोळ बाब नाही. त्या क्षणापासून वायरमन येऊन तपासणी होईपर्यंत चार्जर पुन्हा चालू करू नये.

२. किरकोळ कारणे आधी निकाली काढा

गाडीत रात्री उशिराचा टायमर लावलेला असणे, चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवलेली असून बॅटरी आधीच तिथे पोहोचलेली असणे, किंवा चार्जरला इंटरनेट न मिळाल्याने तो अ‍ॅपच्या परवानगीची वाट पाहत बसणे, ही कारणे वरवर बिघाडासारखीच दिसतात. शेवटचे कारण आपल्याकडे विशेष आढळते, कारण डोंगराआडच्या वाडीत मोबाइलची रेंज येते-जाते. अशा घरांनी चार्जर नेटवर्कशिवायही चालेल अशी सेटिंग कंपनीकडून पहिल्याच दिवशी करून घ्यावी.

त्यानंतर एमसीबी पाच मिनिटे बंद ठेवून पुन्हा चालू करावा आणि गनचे तोंड टॉर्चच्या उजेडात पाहावे. टाइप-२ गनमध्ये वरच्या ओळीत दोन बारीक छिद्रे असतात. ती सिग्नलची होत. खालच्या पाच मोठ्या जागांपैकी सर्वांत खालच्या दोन सिंगल फेज गनमध्ये बऱ्याचदा रिकाम्याच असतात, त्यामुळे पिना तुटून पडल्या असे समजून घाबरू नये. बारीक छिद्रांत मात्र मुंग्या, माती किंवा हिरवट गंज दिसला तर सिग्नल गाडीपर्यंत पोहोचत नाही. गणपतीला किंवा शिमग्यालाच उघडणाऱ्या चाकरमान्यांच्या घरांत गन अडकवायच्या खोबणीत कुंभारीण माशीने मातीचे घर केलेले सर्रास सापडते. वीज पूर्ण तोडून कोरड्या मऊ ब्रशने ते साफ करावे. तेल, ग्रीस किंवा गंज सोडवण्याचा स्प्रे आत मारू नये आणि सुई किंवा खिळा तर मुळीच घालू नये.

३. दोष गाडीचा की चार्जरचा, हे अदलाबदल करून ठरवा

तुमची गाडी दुसऱ्या एखाद्या एसी चार्जरला लावून पाहावी, आणि शक्य असल्यास गावातील दुसरी गाडी तुमच्या चार्जरला लावावी. महामार्गावरील डीसी फास्ट चार्जरवर गाडी चार्ज झाली, एवढ्यावरून गाडी निर्दोष ठरत नाही, कारण डीसी चार्जिंगमध्ये ऑन-बोर्ड चार्जर वापरलाच जात नाही. पुष्कळ जण नेमके इथेच फसतात आणि सर्व्हिस सेंटरवालेही कधीकधी डीसीवर चार्ज करून दाखवून गाडी परत पाठवतात. चाचणी एसीवरच झाली पाहिजे, हे तिथे स्पष्ट सांगावे.

गाडी दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या एसी चार्जरवर चार्ज होत नसेल, तर दोष गाडीत आहे आणि पुढचा प्रश्न डीलरचा आहे. दुसरीकडे चार्ज होते पण घरी होत नाही, असे असेल तर पुढे वाचावे.

४. व्होल्टेज मोजा, तेही दोन वेळा

घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा असतो व त्यात सहा टक्के कमी-अधिक, म्हणजे ढोबळमानाने २१६ ते २४४ व्होल्ट, इतका फरक मान्य असतो. ज्या घराची डीपी (वाडीचा ट्रान्सफॉर्मर) लांब आहे तिथे संध्याकाळी सातनंतर, आणि विशेषतः गणपतीत सगळ्या वाडीत रोषणाई लागल्यावर, व्होल्टेज याहून बरेच खाली जाते. फार खाली गेले की चार्जर स्वतःहून थांबतो, आणि मध्यरात्रीनंतर पुन्हा सुरू होतो. सकाळी गाडी अर्धवट चार्ज झालेली सापडण्यामागे बऱ्याचदा हेच कारण असते.

मोजमाप चार्जर बंद असताना एकदा आणि पूर्ण भाराने चालू असताना एकदा करावे, कारण या दोन आकड्यांतील फरक सर्वांत जास्त बोलतो. समजा, बंद असताना २२५ व्होल्ट आहेत आणि ३२ अँपिअर ओढल्यावर १९५ होतात. म्हणजे मधल्या वायरमध्ये व जोडांमध्ये ३० व्होल्ट जिरले. तीस गुणिले बत्तीस म्हणजे ९६० वॅट इतकी उष्णता कुठेतरी भिंतीत, मीटर पेटीत किंवा पोलवरच्या जोडात निर्माण होत आहे. एखाद्या छोट्या हीटरइतकी ही उष्णता ज्या जोडात साठते तो जोड आज ना उद्या वितळणार. अशा वेळी वायरिंग व सर्व्हिस वायर तपासून घ्यावी. याउलट चार्जर बंद असतानाच १८० व्होल्ट दिसत असतील, तर घरात शोधण्यासारखे काही नाही. तक्रार महावितरणकडे करायची आहे.

इथेच वीजबिलावरील मंजूर भारही पाहावा. गावच्या जुन्या घरांचा मंजूर भार एक-दोन किलोवॅट असतो आणि त्यावर ७.२ किलोवॅटचा चार्जर बसवलेला असतो. भार वाढवून घेण्याचा अर्ज केल्याशिवाय कमी व्होल्टेजची तक्रार केली, तर पहिला आक्षेप तुमच्यावरच येतो. तोवर गाडीच्या किंवा चार्जरच्या सेटिंगमधून प्रवाह १० ते १६ अँपिअरपर्यंत उतरवून काम चालते. फ्रिजचा स्टॅबिलायझर मात्र मध्ये लावू नये. तो हा भार पेलत नाही.

५. अर्थिंग : निम्म्याहून अधिक उत्तरे इथे मिळतात

दोष कोणत्या ऋतूत येतो, हे आधी आठवून पाहावे. एप्रिल-मे महिन्यांत चार्जर अर्थ फॉल्ट दाखवतो आणि मृगाचा पाऊस चांगला लागला की आपोआप सुधारतो, असे असेल तर पेटी बदलून काहीही साधणार नाही. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी तो झपाट्याने खाली सोडतो आणि उन्हाळ्यात वरचे कित्येक फूट ठणठणीत कोरडा पडतो. कोरड्या जमिनीत गाडलेली अर्थिंगची पट्टी असून नसल्यासारखी. किनाऱ्यालगतच्या पुळणीतही वरची वाळू सुकली की हाच प्रकार होतो. उलट, दोष फक्त पावसाळ्यात येत असेल आणि चार्जरचा आरसीसीबी (वीज जमिनीत गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल, तर गनमध्ये, केबल पेटीत शिरते तिथल्या ग्लँडमध्ये किंवा जंक्शन पेटीत ओल शिरून वीज गळत असण्याची शक्यता अधिक. ऋतूची ही एक नोंद कंपनीला कळवली तरी इंजिनिअरची निम्मी मेहनत वाचते.

आता मोजमाप. चार्जरपाशी न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधील व्होल्टेज पाहावे. ते दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर समाधानकारक मानावे. दहा-पंधरा किंवा त्याहून अधिक असेल तर चार्जरने नकार देणे स्वाभाविक आहे. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये मल्टिमीटरने २३० दाखवले म्हणजे अर्थिंग चांगले, असे मात्र समजू नये. मल्टिमीटर नगण्य प्रवाह घेतो, त्यामुळे अत्यंत वाईट अर्थिंगवरही तो पूर्ण व्होल्टेज दाखवू शकतो. खरा आकडा जमिनीत दोन सळया ठोकून मोजणाऱ्या अर्थ टेस्टरनेच मिळतो. तो ओहममध्ये येतो व साधारणपणे पाचच्या आत असावा. तुमच्या चार्जर कंपनीची अट याहून कडक असू शकते, म्हणून इंस्टॉलेशन पुस्तिकेतील आकडा पाहून ठेवावा.

जुने वायरमन फेज आणि अर्थ यांच्यामध्ये बल्ब लावून तो किती प्रखर पेटतो यावरून अर्थिंग ठरवतात. ही पद्धत करू देऊ नये. शंभर वॅटचा बल्ब जवळजवळ ४३० मिलिअँपिअर प्रवाह अर्थमध्ये सोडतो आणि आरसीसीबी ३० मिलिअँपिअरलाच पडायला बनवलेला असतो, त्यामुळे तो लगेच पडतो. मग वायरमन आरसीसीबीलाच खराब ठरवून बाजूला काढतो. शिवाय अर्थिंग खरोखर वाईट असेल, तर त्या काही क्षणांसाठी घरातील सगळ्या उपकरणांच्या पत्र्यांवर वीज येते.

याहून घातक उपाय म्हणजे सॉकेटमध्ये किंवा चार्जरच्या पेटीत न्यूट्रल आणि अर्थ तारेने जोडून टाकणे. त्याने चार्जरचा दिवा ताबडतोब हिरवा होतो, म्हणूनच हा उपाय लोकप्रिय आहे. पण वादळी वाऱ्यात फांदी पडून पोलवरची न्यूट्रलची तार तुटली, आणि आपल्याकडे दर पावसाळ्यात ती कुठे ना कुठे तुटतेच, की घरातील उपकरणांतून परत निघालेली फेजची वीज थेट गाडीच्या पत्र्यावर येते. ओल्या खळ्यात उभे राहून गाडीच्या दाराला हात लावणाऱ्याचे काय होईल, ते वेगळे सांगायला नको. कोणी हा जोड केलेला आढळला तर तो त्याच दिवशी काढून घ्यावा.

योग्य उपाय खर्चिक नाही, फक्त जागा नीट निवडावी लागते. बारमाही ओल राहील अशा ठिकाणी, म्हणजे विहिरीजवळ, न्हाणीचे पाणी जिथून वाहते तिथे किंवा रोज शिंपण होणाऱ्या माडाच्या अळ्यालगत, चार्जरसाठी स्वतंत्र अर्थिंग करावे. आमच्याकडे खळ्याच्या कोपऱ्यातील पहिला खड्डा पुरेसा ठरला नाही. परसात माडाच्या अळ्याशेजारी घेतलेल्या दुसऱ्या खड्ड्याने काम झाले. जांभ्यात इलेक्ट्रोड (जमिनीत सोडायचा अर्थिंगचा पाइप किंवा सळई) ठोकून आत जात नाही, त्यामुळे खड्डा किंवा बोअर करून तो अडीच-तीन मीटरपर्यंत सोडावा लागतो. कोळसा-मिठाची पारंपरिक भर स्वस्त पडते, पण मीठ लोखंडी पाइप लवकर खाते. त्याऐवजी तयार मिळणारी बेंटोनाइटची, म्हणजे ओल धरून ठेवणाऱ्या चिकणमातीची, भर घालावी. एका खड्ड्याने आकडा खाली आला नाही तर इलेक्ट्रोडच्या लांबीइतके तरी अंतर सोडून दुसरा खड्डा घ्यावा आणि दोन्ही जोडावेत. वरच्या चेंबरमध्ये होळीनंतर पाऊस येईपर्यंत अधूनमधून पाणी घालत जावे. कामाच्या शेवटी अर्थ टेस्टरचा आकडा तारखेसह कागदावर घ्यायला विसरू नये.

६. आरसीसीबी, एसपीडी आणि जोड

चार्जरला स्वतंत्र आरसीसीबी हवा. सगळ्या घराला मिळून एकच असेल तर पंप, फ्रिज आणि गीझर यांची थोडी थोडी गळती एकत्र होऊन तो पडतो आणि आळ चार्जरवर येतो. त्याच्या दर्शनी भागावर फक्त एक नागमोडी रेघ असेल तर तो एसी प्रकारचा. रेघेखाली अर्ध्या लाटाही काढलेल्या असतील तर ए प्रकारचा. चार्जरसाठी किमान ए प्रकार घ्यावा, आणि डीसी गळती ओळखणारे संरक्षण चार्जरमध्येच आहे का, हे पुस्तिकेत पाहावे. नसेल तर बी प्रकार लागतो.

मे आणि ऑक्टोबरमधील विजांच्या कडकडाटानंतर चार्जर मेला असेल तर एसपीडीची, म्हणजे विजेमुळे येणारा व्होल्टेजचा धक्का झेलणाऱ्या उपकरणाची, खिडकी पाहावी. हिरव्याची लाल झाली असेल तर त्याने घाव झेललेला आहे व त्याचे कार्ट्रिज बदलायचे आहे. ही खिडकी नंतर वॉरंटीच्या वादातही कामी येते, म्हणून बदलण्यापूर्वी तिचा फोटो काढावा.

जोडांच्या बाबतीत समुद्राजवळच्या घरांनी दरवर्षी दिवाळीनंतर एकदा वीज बंद करून एमसीबीची व जोडांची पेटी (चार्जरची सीलबंद पेटी नव्हे) उघडून घ्यावी. तांब्यावर हिरवा थर, एमसीबीच्या स्क्रूजवळ पिवळट-तपकिरी डाग, किंवा वायरचे आवरण कडक होऊन तडकलेले, यांपैकी काहीही दिसले तर जोड कापून, कलई केलेला लग (वायरीच्या टोकाला बसवायचे धातूचे टोक) लावून नव्याने आवळावा. ३२ अँपिअरसाठी ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर साधारणपणे वापरतात, आणि अंतर लांब असेल तर त्याहून जाड. ओटीवरच्या जुन्या प्लग पॉइंटची वायर पुढे ओढून चार्जरला दिलेली असेल तर ती बदलण्याला पर्याय नाही.

७. वीज गेल्यावर आणि आल्यावर

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीतील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. अशा वेळी जनरेटरवर चार्जर लावल्यास तो बहुधा अर्थ फॉल्टच दाखवतो, कारण लहान जनरेटरचा न्यूट्रल अर्थशी जोडलेला नसतो. तो चार्जरचा बिघाड नव्हे. मोठा खंड पडल्यावर वीज परत आली, तरी ती स्थिर होईपर्यंत चार्जरचा एमसीबी खालीच ठेवावा.

दुरुस्ती होईपर्यंत गाडीसोबत मिळालेला पोर्टेबल चार्जर चांगल्या प्रतीच्या १६ अँपिअर सॉकेटवर वापरता येतो, मात्र अर्थिंगचा दोष निघालेला असेल तर तो दूर झाल्यावरच. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहावा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये. एक्स्टेन्शन बोर्ड कोणत्याही परिस्थितीत नको.

८. कंपनीकडे तक्रार

इथपर्यंतची तपासणी स्वच्छ निघाली, म्हणजेच व्होल्टेज, अर्थिंग व जोड ठीक असून चार्जर तरीही चालत नाही, तरच दोष पेटीत आहे असे म्हणता येते. तक्रार फोनवर नोंदवली तरी त्याच दिवशी ईमेल करावा आणि त्यात सिरियल नंबर, दिव्याचा व्हिडिओ, दोन्ही वेळचे व्होल्टेज, न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज आणि अर्थ टेस्टरचा आकडा लिहावा. चार्जर गाडीसोबत आलेला असेल तर डीलर, चार्जर बनवणारी कंपनी आणि बसवणारा ठेकेदार अशा तिघांचा संबंध येतो. बिल ज्याच्या नावाचे आहे त्याला मुख्य प्रत आणि इतर दोघांना माहितीसाठी प्रत पाठवावी. स्थानिक वायरमनकडून चार्जरची पेटी उघडून घेऊ नये, सील तुटले की वॉरंटी गेल्यात जमा असते.

इंजिनिअर कोल्हापूर किंवा मुंबईहून यायचा असेल तर आधी चार्जरमधील नोंदी दूरूनच तपासायला सांगावे. इंटरनेटला जोडलेल्या बऱ्याच चार्जरमध्ये हे शक्य असते आणि त्यामुळे योग्य सुटा भाग सोबत घेऊन येता येते. तो आल्यावर चार्जिंग निदान तासभर पूर्ण भाराने चालवून दाखवल्याशिवाय दुरुस्ती पूर्ण झाल्याच्या कागदावर सही करू नये. ‘दोष आढळला नाही’ असे तो लिहिणार असेल, तर त्या वेळचे व्होल्टेज व अर्थिंगचे आकडेही त्याच कागदावर लिहून मागावेत. पेटी काढून नेणार असेल तर सिरियल नंबर असलेली पोच घ्यावी आणि उघड्या राहिलेल्या वायरींची टोके बंद करून एमसीबीवर चिठ्ठी लावावी.

९. दाद मिळाली नाही तर

कमी व्होल्टेजची तक्रार महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर ग्राहक क्रमांक देऊन नोंदवावी आणि पाठोपाठ उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. अर्जाला तारीख-वेळेसह व्होल्टेजची नोंद जोडावी; आठवडाभराची संध्याकाळची नोंद पुरेशी बोलकी असते. त्यावर हालचाल झाली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल असा मार्ग आहे.

चार्जर कंपनी किंवा डीलर टोलवाटोलवी करत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करावी; बरीच प्रकरणे इथेच मिटतात. न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते, त्यामुळे कंपनी पुण्याची असो वा बेंगळुरूची, रत्नागिरीकरांना रत्नागिरीत, सिंधुदुर्गवासीयांना ओरोसला आणि रायगडकरांना अलिबागला दाद मागता येते. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. चाकरमान्यांनी एक लक्षात ठेवावे : बिल मुंबईच्या पत्त्यावर आणि चार्जर गावच्या घरी असेल, तर तक्रारीसोबत गावच्या घराचे वीजबिल आणि इंस्टॉलेशन अहवाल जोडावा, म्हणजे चार्जर कुठे बसवला आहे यावरून सुनावणीत वाद उपस्थित होणार नाही.